रिकामी खुर्ची हलू नये म्हणून

दोमितिलाच्या घरात झुलत्या खुर्च्या दोन. दोन्ही तिच्या नवऱ्यानं, अन्सेल्मोनं, लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातानं केलेल्या. एक रुंद, एक अरुंद. रुंद कोणासाठी केली असं नव्या नवरीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्यासाठी. तू काय जन्मभर अशीच काडी राहणार आहेस होय?" दोमितिला काडीच राहिली. मग रुंद खुर्ची अन्सेल्मो वापरू लागला आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा, रेइनेरिओ.

क्यूबातल्या आमच्या पिनार देल रिओत लेकराला चालता यायला लागलं की पहिली चापट बसते ती या खुर्चीपायी. कोणी बसलेलं नसताना झुलती खुर्ची हलवायची नाही. रिकामी खुर्ची झुलली की जो तिच्यात बसायचा त्याला मरण बोलावून नेतं. असं का, ते कोणी विचारत नाही. विस्तवात हात का घालायचा नाही हे तरी कोण विचारतं?

दोमितिलाला तर विचारायची गरजच नव्हती. चव्वेचाळीस सालच्या मोठ्या वादळात अन्सेल्मो तंबाखू वाळवायच्या घराला टेकू लावायला गेला होता. ही दीड वर्षाच्या रेइनेरिओला पोटाशी धरून पलंगाखाली. वाऱ्यानं दार फोडलं, आत घुसला आणि हिच्या डोळ्यांदेखत रुंद खुर्ची आपसूक झुलायला लागली. चार पावलांवर होती. उठून बसली असती तर झालं असतं. पण पोर रडत होतं, वरच्या झावळ्या उडत होत्या. ही उठली नाही. दुपारी अन्सेल्मोला फळीवर घालून आणलं.

त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली होती. हे तिनं एकट्या एदुव्हिगेसला सांगितलेलं. एदुव्हिगेस दोन घरं सोडून राहायची. रेइनेरिओच्या बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातात धरलेलं, म्हणजे ती त्याची धर्मआई, आणि म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. अंगानं भरभक्कम, तोंडानं फटकळ, आणि रडायचं झालं तर शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं रडणारी. दोमितिला तिच्या उलट. तिचं रडू त्या वादळात कुठं गेलं ते तिलाच ठाऊक नव्हतं.

बासष्ट सालच्या ऑक्टोबरात, एका सोमवारी, दिवस मावळायच्या आत लष्कराचा ट्रक आला. रेइनेरिओ तंबाखूच्या वाफ्यांना पाणी घालत होता. रोपं वीतभर झाली होती, आठवडाभरात लावायला घ्यायची होती. त्यानं हात धुतले, गणवेश चढवला, उभ्यानंच कॉफी घेतली.

"किती दिवस?" दोमितिलानं विचारलं.

"रविवारपर्यंत येतो. नेहमीचंच आहे ते. पुलाजवळची तोफ, विमानं पाडायची. अजून एक तरी पाडलंय का?" मग दारातून वळून म्हणाला, "माझ्या खुर्चीत धर्मआईला बसू देऊ नकोस. मोडेल."

"ऐकलं मी!" कुंपणापलीकडून एदुव्हिगेस ओरडली. "परत ये, मग तुझ्या मांडीवर बसते."

ट्रक गेला. त्या संध्याकाळी अमेरिकेचा अध्यक्ष रेडिओवर बोलला. आमच्या बेटाभोवती जहाजांचं कडं घालणार, म्हणाला. रशियानं इथं आणून ठेवलेली अस्त्रं काढून न्या, नाहीतर. त्या नाहीतरच्या पुढं काय, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी समजून घ्यायचं.

अस्त्रांचं कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. ऑगस्टपासून गोरे, लालबुंद कानांचे पोरगे ट्रक भरभरून येत होते. शेतकी तज्ज्ञ आहेत, असं सांगितलेलं. सगळ्यांच्या अंगात चौकड्यांचे शर्ट, एकाच ताग्यातून फाडल्यासारखे. त्यांच्यातला एक दोमितिलाकडे केळी न्यायला यायचा. बदल्यात साबणाची वडी द्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं तंबाखूच्या वाफ्याकडे बोट दाखवून खाण्याची खूण केली.

"शेतकी तज्ज्ञ बघ," एदुव्हिगेस म्हणाली होती. "तंबाखूला कोबी समजतोय. याच्या भरवशावर आपण अमेरिकेशी लढायचं!"

त्याचं नाव दोघींच्या जिभेला झेपेना, म्हणून त्या त्याला चौकड्या म्हणायच्या. वीस वर्षांचा असेल नसेल. घरात शिरताना टोपी काढायचा. रेइनेरिओही काढायचा, पण त्याला सांगावं लागायचं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला दोमितिला चुलीपुढं होती. आवाज आधी आला नाही. आधी कोंबड्या पळाल्या, मग छपरावरून काहीतरी इतकं खालून गेलं की पामच्या झाडांचे शेंडे वाकले, आणि मग आवाज. फडताळातली भांडी वाजली. चुलीतली राख उडून तिच्या तोंडावर आली. तोंड पुसून तिनं मागं पाहिलं, तर रेइनेरिओची खुर्ची झुलत होती.

एकदा मागं, एकदा पुढं. पुन्हा मागं.

या खेपेला दोमितिला वेळेत पोचली. खुर्चीत बसली, दोन्ही तळवे जमिनीला घट्ट टेकले आणि तशीच राहिली. घेवड्याच्या बिया चुलीवर करपल्या, त्याचा वास घरभर झाला, तरी उठली नाही. आपल्याला भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. तिनं आत चाचपून पाहिलं. काही नव्हतं. रात्रभर अंगाखाली राहिलेला हात सकाळी आपला वाटत नाही, तसं.

एदुव्हिगेस धावत आली, डोक्यावर परात धरून.

"बघितलंस? चाकं दिसली मला त्याची! आणि तू बसलीस काय?"

"खुर्ची हलली, कोमाद्रे."

एदुव्हिगेसनं परात खाली ठेवली. अठरा वर्षांपूर्वीचं तिला सांगावं लागलं नाही.

"बांधून टाक तिला," ती म्हणाली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात मारला. "नको नको. बांधायची नाही. आपल्या माणसाची वस्तू बांधली की माणूस जिथं आहे तिथंच बांधला जातो. तो राहील तोफेपाशी म्हातारा होईपर्यंत."

"आडवी करून ठेवू?"

"आडवी? अगं, आडवं कोणाला करतात? जीभ झडो तुझी."

"पाचर मारली तर?"

पाचर मारली. खुर्चीखालच्या दोन्ही वाकड्या पट्ट्यांपुढं एदुव्हिगेसनं चांगले विटांचे तुकडे ठोकून बसवले. दुपारी तीननंतर दुसरं विमान आलं, जमीन थरारली, तुकडे निसटून भिंतीला जाऊन लागले. दोमितिला जवळच उभी होती म्हणून बरं, झेप घेऊन बसली.

"माझ्याकडे नेऊन ठेवू का?" एदुव्हिगेसनं विचारलं. मग तिनंच मान हलवली. जित्या माणसाची खुर्ची घराबाहेर काढायची? ते तर आपणच त्याला दाराबाहेर घालवण्यासारखं झालं.

राहिला एकच उपाय. विमान येईल तेव्हा खुर्चीत कोणीतरी असायचं. बस.

विमानं रोज यायची. सकाळी दहा वाजता आणि दुपारी तीन-साडेतीनला. अमेरिकन माणूस घड्याळाचा पक्का. दोमितिला साडेनऊलाच बसायची. लावणीनंतर तंबाखूवर सावली धरायला आम्ही खांबांवर जाळीचं पांढरं कापड ताणतो. त्याच्या पट्ट्या जोडायचं काम बायकांकडे असतं. ते कापड मांडीवर घेऊन ती शिवत राहायची. पाय मात्र भुईला घट्ट. नुसतं बसून भागेल की खुर्ची झुलायलाच नको, हे नेमकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मग कशाला जोखीम घ्या? तास दीड तास पाय तसेच दाबून ठेवले की घोट्यापासून खाली काही उरायचं नाही. उठल्यावर ती भिंत धरून चार पावलं टाकायची, आणि पाऊल पडलं की नाही ते खाली बघून ठरवायची.

बुधवारी एदुव्हिगेस रेडिओ ऐकून आली. "रेडिओवाला म्हणतो, एकच बॉम्ब पडला तर हवानापासून इथवर गवताची काडी उरणार नाही."

"बरं," दोमितिला म्हणाली.

"बरं काय? काडी उरणार नाही म्हणतोय तो!"

"मग धुणं आत आणू का बाहेरच राहू दे?"

एदुव्हिगेस तिच्याकडे बघत राहिली, आणि मग इतकी हसली की हसता हसता रडायला लागली. दोमितिलानं सुईत दोरा ओवला.

गुरुवारी ट्रकच्या ड्रायव्हरनं चिठ्ठी आणून दिली. आदल्या वर्षी साक्षरतेच्या मोहिमेत हवानाहून आलेल्या चौदा वर्षांच्या एका पोरीनं दोमितिलाला अक्षरं शिकवली होती, त्यामुळे चिठ्ठी घेऊन कोणाकडे जायची गरज नव्हती. बोट ठेवून, एकेका अक्षरावर मुक्काम करत तिनं वाचली. वाचायला वेळ लागला, चिठ्ठी मात्र एवढीच होती: *आई, मी बरा आहे. तोफेवर बसतो. मोजे पाठव. रोपं उन्हात ठेवू नकोस.* तिनं मोजे काढले, अंगठ्याशी विरलेला एक रफू केला आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकडे दिले. चिठ्ठी पुन्हा वाचली. तोफेवर बसतो. बसायला तरी आहे, म्हणजे उभा नाही. एवढंच तिच्या मनात आलं.

लावणी कोणी करायची हा प्रश्न होता. गावात पुरुष म्हणावेत असे दोनच उरलेले, एक पांगळा आणि एक नव्वदीचा. मग दोघींनीच हात घातला. सकाळचं विमान जाऊन दुपारचं येईपर्यंतच्या वेळात रोपं उपटायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सरींवर लावत जायची. एदुव्हिगेस वाकली की कण्हायची आणि कण्हता कण्हता दोन्ही देशांच्या पुढाऱ्यांना शिव्या द्यायची, कोणाचं देणं बाकी न ठेवता.

"जग संपायचं तर लावतोय कशाला आपण?" तिनं एकदा कंबर धरून विचारलं.

"रोप तयार झालंय म्हणून," दोमितिला म्हणाली. "ते थांबतंय होय?"

शनिवारी अडचण आली. शनिवारी दुकानात महिन्याची, तळणाची चरबी यायची होती. नवीन निघालेल्या रेशनच्या पुस्तकावर ज्याचं त्यानं येऊन घ्यायचं, पुढ्यात सही करायची. त्या दिवशी नाही घेतलं की महिन्याचं गेलं. रांग आठला लागायची आणि दहाच्या आत कधी सरायची नाही. एदुव्हिगेसला स्वतःसाठी जायचंच होतं. म्हणजे खुर्चीत बसायला कोणी नाही.

"चरबी सोड या महिन्याची," एदुव्हिगेस म्हणाली. "माझ्यातली घे."

"तुझ्यातली तुला पुरत नाही, अंगावरची सोडली तर."

तेवढ्यात फाटकाशी चौकड्या उभा. हातात साबणाची वडी.

दोमितिलानं त्याला दंडाला धरून आत आणलं आणि रेइनेरिओच्या खुर्चीत बसवलं. त्याला वाटलं पाहुणचार आहे. टोपी मांडीवर ठेवून तो हसला आणि पाय उचलून सवयीनं जरा झुलला. दोमितिलानं झटकन त्याचे गुडघे दाबले, बोट उगारलं. हलायचं नाही. मग आभाळाकडे बोट केलं, हाताचं विमान करून डोक्यावरून फिरवलं, त्याचे दोन्ही हात उचलून खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि वरून आपले हात दाबले. उठायचं नाही. मी येईपर्यंत. कळलं?

चौकड्यानं मान हलवली. काय कळलं देव जाणे.

"रशियाचं रक्षण आपण करायचं की आपलं रशियानं?" वाटेनं जाताना एदुव्हिगेस म्हणाली. "एवढी मोठी अस्त्रं आणली त्यांनी, आणि तू त्यांचा शिपाई खुर्ची धरायला ठेवलास."

"रिकामाच होता."

दुकानापुढं पंचवीस-तीस बायका होत्या. दोमितिलाच्या पुढं अजून दोघी असताना विमान आलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आठवड्यात तशी सवय झाली होती. विमान पुलाच्या दिशेनं गेलं. आणि मग पुलाकडून, जे आठवडाभर कधी ऐकू आलं नव्हतं, ते ऐकू आलं. धड धड धड धड. तोफा.

कोणी ओरडलं नाही. कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ तिथं होता. एदुव्हिगेसनं दोमितिलाचा हात धरला, तो इतका आवळला की नंतर चार बोटांचे वळ उमटले. तोफा थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा थांबल्या. आता विमानं वळून येतील आणि पुलावर टाकायचं ते टाकतील, असं सगळ्यांच्या मनात होतं.

पुढच्या दोघी रांग सोडून घराकडे पळाल्या. दोमितिलाचा नंबर आला. तिनं डबा पुढं केला. चरबी मापून घेतली. पुस्तकावर सही केली, द काढायला वेळ लागतो तरी नीट काढला. झाकण लावलं. आणि मग पळाली. पुढं कित्येक वर्षं तिला या गोष्टीचं नवल वाटायचं. तिकडे तोफा उडाल्या आणि आपण झाकण लावलं.

घराच्या दारात ती थांबली. फडताळातल्या दोन बशा जमिनीवर फुटलेल्या. छपरातला कचरा सगळीकडे पडलेला. आणि खुर्चीत चौकड्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, बोटं पांढरी पडलेली, पाय जमिनीवर रोवलेले, डोळे घट्ट मिटलेले. केसांत झावळीचा भुगा. तो झटकायलाही त्यानं हात उचलला नव्हता. मांडीवरची टोपी होती तिथंच होती.

दोमितिलानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्ची तसूभरही हलत नव्हती.

तिनं त्याच्या केसांतला भुगा काढला. नव्या चरबीत केळ्याच्या चकत्या तळून त्याला दिल्या. खाताना बशी त्याच्या हातात सारखी वाजत होती. तिनं बशी धरून ठेवली.

दुपारचं विमान आलं तेव्हा चौकड्या निघून गेला होता आणि खुर्चीत ती स्वतः होती. तोफा पुन्हा उडाल्या. पुलावर काही पडल्याचा आवाज आला नाही. ती दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. पुलाकडून कोणी सांगावा घेऊन आलं नाही, बरा नाही आणि वाईटही नाही.

रविवारी रेडिओवर आलं की मिटलं. रशिया अस्त्रं परत नेणार, अमेरिका हल्ला करणार नाही. एदुव्हिगेस ती बातमी घेऊन आली ती रागानं लाल होऊन.

"आपल्या परसात दोघं भांडले, आपल्या परसात दोघांनी मिटवलं, आणि घरच्या माणसाला विचारलंसुद्धा नाही! पाहुण्यांनी येऊन पोट भरून ताट ओढ्यात फेकावं तसं."

"पोरं घरी येणार का?"

"ते नाही सांगितलं."

"विमानं थांबणार का?"

"तेही नाही."

"मग काय मिटलं?" दोमितिला म्हणाली. घड्याळ बघून ती खुर्चीत जाऊन बसली.

विमानं येतच राहिली, अस्त्रं खरंच नेतात का ते बघायला. दोमितिला बसतच राहिली. नोव्हेंबर लागला. मेलेल्यांच्या दिवशी तिनं अन्सेल्मोच्या थडग्यावर झेंडूची फुलं ठेवली आणि दहाच्या आत परत आली. रोपांनी मुळं धरली. कापडाच्या पट्ट्या शिवून संपल्या, तेव्हा तिनं त्यांच्या कडांना दुहेरी शिवण घालायला घेतली. इतकी चांगली शिवण त्या कापडाला कोणी कधी घातली नसेल, वर्षअखेर फाडून टाकायचं असतं ते.

एके सकाळी डांबरी रस्त्यानं रशियन ट्रकांची लांबच लांब रांग गेली. काहींवर ताडपत्रीखाली लांबोडकं काहीतरी होतं. पाचव्या की सहाव्या ट्रकच्या मागं पोरं बसली होती, त्यांच्यात चौकड्या. त्यानं रस्त्याकडेला उभ्या दोघींना ओळखलं. हात हलवला नाही. त्यानं नसलेल्या खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात ठेवले, पाठ ताठ केली, डोळे घट्ट मिटले आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत तसाच राहिला.

"याड लागलं वाटतं पोराला," एदुव्हिगेस म्हणाली.

"नाही," दोमितिला म्हणाली. "शहाणा आहे."

महिन्याच्या मध्यावर विमानं बंद झाली. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी कुजबुज झाली, चौथ्या दिवशी गावात मेजवानीला डुक्कर मारलं. दोमितिला साडेनऊला बसतच होती. रेइनेरिओची दुसरी चिठ्ठी आली नव्हती. तोफा उडाल्या त्या दिवसापासून महिना होत आला होता. एदुव्हिगेस पुलापर्यंत चालत जाऊन आली, तर तोफ तिथून हलवलेली. कुठं, ते सांगायचा पहारेकऱ्याला हुकूम नव्हता.

"आता पुरे कर, कोमाद्रे. विमानं नाहीत, खुर्ची हलायची नाही."

"तो आला की पुरे करते."

"पाय बघ स्वतःचे. सुजलेत."

"मला काही कळत नाही त्यांचं. तुला दुखतात का?"

नोव्हेंबर संपता संपता, एका सकाळी, दहाला पाच मिनिटं असताना फाटक वाजलं. दोमितिला खुर्चीत होती. फाटकातून एक माणूस आत आला. वाळलेला, दाढी वाढलेली, रेइनेरिओच्या चालीनं चालणारा. दारात आला आणि सांगितल्याशिवाय त्यानं टोपी काढली.

"आई."

दोमितिलानं त्याच्याकडे पाहिलं. या घटकेची तिनं वाट बघितली होती, आणि घटका आली तेव्हा आत पुन्हा तसंच, बधिर. उठायला हवं हे कळत होतं. घड्याळात पाच मिनिटं कमी होती.

"आलास," ती म्हणाली. "थांब. दहा वाजू देत."

रेइनेरिओनं घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं. तिनं खुर्चीची गोष्ट त्याला कधी सांगितली नव्हती, पण या घरातली चापट त्यानंही खाल्ली होती. पाठीवरची पिशवी उतरवून तो उंबऱ्यावर टेकला आणि दोघं दहा वाजायची वाट बघत बसले.

दहा वाजले. काही आलं नाही. कोंबड्या उकरत होत्या.

"तू का नाही बसत त्या खुर्चीवर?" तिनं अरुंद खुर्ची दाखवली.

"बसणं नको सांगू. पाच आठवडे त्या तोफेच्या लोखंडी बैठकीवर बसलोय. जेवायचं तिथं, डुलकी तिथंच. नेम धरायची दोन चाकं फिरवायची, गोल गोल." तो उंबऱ्यावरच्या मुंग्यांकडे बघत होता. "एकदा विमान इतकं खालून गेलं की आतल्याचं तोंड दिसलं मला. काहीतरी चघळत होता. माझ्याच वयाचा."

"मग?"

"मग गोळ्या सोडल्या."

"लागल्या?"

"नाही."

"त्याच्या घरीही कोणीतरी बसलं असेल," ती म्हणाली.

रेइनेरिओ उठला. वाफ्यांकडे एक नजर टाकून आला, रोपं लावलेली बघून त्याची मान हलली, पण शाबासकी द्यायची त्याची सवय नव्हती. परत आला तरी ती तशीच बसलेली. तो तिच्यापुढं खाली बसला.

"ऊठ आता. कॉफी दे."

"उठते. पाय येऊ देत."

त्यानं तिच्या पायांतल्या फाटक्या चपला काढल्या. पाय थंड, सुजलेले, तळव्यांवर चपलांचा ठसा. त्यानं दोन्ही हातांत एक पाय धरून चोळायला सुरुवात केली, तंबाखूचं पान हाताळावं तसा हळू.

"कळतंय का?"

"नाही."

"आता?"

"मुंग्या येतायत."

"येऊ देत." त्यानं तिचे दोन्ही पाय उचलून आपल्या गुडघ्यांवर ठेवले, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदाच खुर्चीत असताना तिचे तळवे जमिनीवरून सुटले. खुर्ची मागं गेली. दोमितिलानं दोन्ही हात घट्ट आवळले. खुर्ची पुढं आली. पुन्हा मागं गेली. छपराचे वासे खाली वर होत होते. समोर रेइनेरिओ होता, मागं जाताना दूर, पुढं येताना जवळ, आणि प्रत्येक खेपेला तिथंच.

पायांत आता मुंग्या नव्हत्या, आग होत होती. डोळ्यांत पाणी आलं ते पायांमुळं, असं तिनं पुढं एदुव्हिगेसला सांगितलं.

"सरक की आता," रेइनेरिओ म्हणाला. "माझी खुर्ची आहे ती."

"थांब जरा," दोमितिला म्हणाली.